अक्षयच्या वाटणीचं

"एका बैठकीत संपव. उरवायची नाय." राजेशनं पुतण्याच्या हातात कागदात गुंडाळलेली बाटली ठेवली. "अंगदुखीवर याच्यासारखं औषध नाय."

"काका, नको वो," अक्षय म्हणाला. पण मोठ्यांनी दिलेलं परत करायची त्याला सवय नव्हती. बाटली शर्टाखाली लपवून तो पडवीतल्या खोलीकडे गेला. तिथं तो आणि राजेशचा साहिल दोघं झोपत.

गेल्या शिमग्यापासून दर शनिवारी कबड्डीचा सराव संपला की हे ठरलेलं. दोन्ही पोरं सोळाची. अक्षयचे आईबाप मुंबईला, म्हणून तो पोलादपूरजवळच्या या वाडीत काकाच्या घरी वाढला. गाव म्हणायचं, राजेश पुतण्याला पोटच्या पोरापेक्षा जास्त जपतो.

राजेश ते ऐकून नुसता हसायचा आणि आतून जळायचा. लहानपणी मैदानात टाळ्या पडायच्या त्या धाकट्या भावाला, आता त्याच्या पोराला. अक्षय चढाईला निघाला की बायकासुद्धा तव्यावरची भाकरी सोडून बघायला येत. साहिल मात्र राखीव. बाकावर बसून सगळ्यांचे बूट सांभाळायचे. अक्षय होता तोवर त्याला सात जणांत जागा मिळणार नव्हती, आणि यंदा जिल्ह्याची निवड होती.

मागे शाळेत एक डॉक्टर येऊन गेले होते. वाढत्या वयात हाडं भरतात, म्हणाले. तेव्हाच पोरगं वरचेवर एका दमात दारू ढोसायला लागलं, तर हाड भरायचं राहून जातं. बाहेरून कळतसुद्धा नाही. बाकीचे पालक चहा पिऊन घरी गेले. राजेशनं तेवढं बोलणं गाठीला बांधून आणलं.

रविवारी सकाळी अक्षय रिकामी बाटली आणून द्यायचा.

"संपवलीस?"

"संपली, काका."

तरी पोराचा वेग काही कमी होईना. डोळा तांबडा नाही की तोंडाला वास नाही. एवढी पिऊन पचवतो, याचाही राजेशला हेवा वाटला. त्यानं मोठी बाटली आणायला सुरुवात केली.

"जरा साहिलकडं बघा वो," बायको एकदा म्हणाली. "धड जेवत नाय, दूध नको म्हणतो. रविवारी उन्हं वर आली तरी उठत नाय."

"वयच तसं हाय," राजेश म्हणाला.

एका शनिवारी साहिलनंच विचारलं होतं, "बाबा, अक्षयला काय आणता दर शनवारी?"

"तुझ्या कामाचं नाय ते."

साहिल उठून पडवीतल्या खोलीत गेला होता.

महाडच्या सामन्यांच्या दिवशी दुपारी पोरांना कबड्डी शिकवणाऱ्या धम्मपाल सरांचा फोन आला. "पोरगं पडलं हो. साधी पकड होती, पण मांडीचं हाड मोडलं. लगेच निघा."

कोणतं पोरगं, हे राजेशनं विचारलंच नाही. बाकावर बसलेल्याची मांडी मोडत नसते.

एसटीत त्याला हसू आवरेना. त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. दवाखान्याच्या दारात त्यानं चेहरा पाडला, डोळे चोळून लाल केले आणि आत शिरला.

"काका!" म्हणत अक्षय समोरून धावत आला.

खाटेवर साहिल होता.

"आपण जिंकल्यात जमा होतो," अक्षय रडत सांगत होता. "म्हणून मीच सरांना बोललो, माझ्या जागी साहिलला उतरवा. त्याला पन खेळू दे."

डॉक्टर एक्सरे उजेडात धरून उभे होते. "या वयात हाड इतकं विरळ नसतं. आणखी तपासण्या करू. पण खरं सांगा, हा पितो का?"

"नाय वो साहेब! माझ्या पोराला मी थेंबाला शिवू दिलं नाय."

डॉक्टर गेले. अक्षय काकाच्या जवळ सरकला.

"काका, रागावू नका. तुमी दिलेली एक पन बाटली मी घेतली नाय. साहिल मागून घ्यायचा सगळ्या. रडायचा वो. बोलायचा, बाबा मला कधी काय आणत नायत, निदान ही तरी मला दे."