एकटीला विचारायचा प्रश्न

बायकांचा जमिनीवरचा हक्क किती पक्का आहे हे मोजायला पाहणी करणाऱ्या सगळ्या संस्थांनी डोकेफोड करून एकच प्रश्न ठरवला होता. तो बाईला एकटीलाच विचारायचा, असा नियमही केला होता. म्हणून पाहणीला आलेल्या ताईंनी एका विधवेच्या दिराला गोड बोलून बाहेर काढलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, “नवऱ्यामागे तुमच्या नावावर आलेली जमीन कुणी हिसकावेल, अशी भीती वाटते?”

बाई पांढरीफटक पडली. “दार उघडा आधी!”

“घाबरू नका हो. बाहेर काही ऐकू जात नाही.”

“तेच तर!” तिने ताईंचा हात घट्ट धरला. “मोठ्यानं विचारा ना. मी ‘नाही’ म्हटलेलं भाऊजींना ऐकू गेलं पाहिजे. तुम्ही काय, निघून जाल.”