कस्तुरा दौंडकरणीची कॅसेट

"संपत, पाणी तापलंय, आंघोळीला ये!"

सारिकानं आतून हाक मारली आणि वच्छलाबाईंच्या हातातली शेवंती खाली पडली. अगं बाई! नवऱ्याला नावानं हाक? तीही चारचौघांना ऐकू जाईल अशी?

कारेगावात वच्छलाबाईंच्या घरामागच्या खोलीत हे जोडपं दिवाळीनंतर राहायला आलं होतं. तो रांजणगावच्या कंपनीत, ती घरी. दिसायला दोघं गरीब. पण वच्छलाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरीला स्थळं बघणं चाललं होतं. बिऱ्हाड लफड्याचं निघालं तर त्यांच्या दारात कोण सोयरा पाय ठेवणार?

त्यात ती कॅसेट. संपतनं शिरूरच्या स्टँडवरून आणलेली, कस्तुरा दौंडकरणीची. दिवसभर टेप चालू. बाईचा आवाज म्हणजे भरडलेली बाजरी. सगळ्या गाण्यांत तिचा नवरा, जयसिंग. एका गाण्यात ती त्याची बाटली विहिरीत फेकते, दुसऱ्यात फौजदाराला दारातून हाकलते आणि मग "जयसिंगा, तुझा संसार तूच कर" म्हणून सरळ चालू लागते.

"मेलीला लाजलज्जा हाय का?" वच्छलाबाई म्हणायच्या. फुलं निवडताना त्यांचा पाय मात्र हलगीवर हलायचा. ते काही त्या कबूल करणार नव्हत्या.

सारिका टेपबरोबर गायची. गोड गायची. पण जयसिंगाचं नाव आलं की गप्प. पुढच्या शब्दाला पुन्हा सुरू.

वच्छलाबाईंनी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. मग विचारलंच.

"सारिके, तेवढंच नाव का गाळतीस गं?"

सारिकाचा चेहरा उतरला. "श्वास पुरत न्हाई, मावशी."

"माहेर कुठलं म्हनालीस?"

"यवतकडं." तिनं टेप बंद केला.

वच्छलाबाईंना काय ते उमगलं. उभ्या जन्मात त्यांनी आपल्या मालकाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. हिचा खरा नवरा जयसिंग. हा संपत कुणीतरी भलताच, म्हणून तर त्याला खुशाल हाका मारते! त्यांना संताप आला आणि त्या न बघितलेल्या जयसिंगाची दयाही आली.

मालक कामाला यवतला निघाले तेव्हा त्यांनी बजावलं, "तिथं कुना जयसिंगाची बायको पळालीय का, इचारा. पोरीचं वर्णन सांगा. कुनाचा तरी संसार मोडलाय."

मालक परत आले ते खूश होऊन. "तिचे भाऊ गावले. म्हनले, आमचीच भैन. हात जोडले बिचाऱ्यांनी. उद्या येत्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात जीप थांबली. चौघं उतरले. सारिका बाहेर आली आणि भावांना बघून भिंतीला टेकली.

वच्छलाबाई पदर सावरून पुढे झाल्या. "या. आन् तुमच्यात जयसिंगराव कोन? त्यांना म्होरं करा. बायको नवऱ्याच्या हवाली केली म्हंजी मी सुटले."

धाकटा भाऊ हसला. थोरला रस्त्याकडं बघत होता. कोपऱ्यावर कंपनीची बस थांबली होती आणि संपत डबा घेऊन खाली उतरत होता.

सारिका जीव तोडून ओरडली, "जयसिंग, पळा!"