जप्त केलेला चार्जर

पानिपत रोडवरच्या यार्डात ठेवलेल्या आमच्या मोटरहोमची बॅटरी पुन्हा उतरली. किल्ली चौकीदाराकडे असते, म्हणून गेल्या खेपेस मी त्याच्यावरच आळ घेतला. गाडीत मोबाइल चार्ज करतो म्हणून चारचौघांत झापलं, चार्जरही काढून घेतला. आज मेकॅनिकने नवी बॅटरी लावली, किती वीज खेचली जातेय ते दाखवणारा मीटर जोडला आणि एकेक फ्यूज काढून पाहिला. सातव्याला आकडा शून्यावर आला. फ्यूज परत बसवताच आतल्या देव्हाऱ्यात विजेची समई लागली. गाडी बंद असतानाही गणपती अंधारात नको, म्हणून मीच ती मधे बटण न ठेवता या फ्यूजमधून बॅटरीला जोडली होती. सोबत आलेल्या बायकोने तो चार्जर माझ्या हातात ठेवला. “जा, माफी मागा.” चौकीदार गाडीमागेच खुर्ची टाकून बसलेला, आळ आल्यापासून तिथेच बसतो म्हणे. “मिला क्या चोर, साहब?” त्याने विचारलं. चार्जर खिशात कोंबत मी म्हणालो, “बॅटरी ही खराब थी.”