अडकलेलं नोझल
गॅरेजवाले आबा दवाखान्यात गेल्याचं पाहूनच ड्रायव्हरकाकांनी जुना ट्रक आत घातला, तेव्हा आबांच्या लेकीला वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. “इंजिनात डिझेल फवारणारं नोझल अडकलंय. आबा यायच्या आत काढ,” म्हणत काका सारखे रस्त्याकडे बघत होते. आबांशिवाय कुणाला ट्रकला हात लावू न देणारा हा माणूस. इंजिन चोरीचं तर नसेल? “मागच्या वेळी कुणी बसवलं?” काकांनी नुसता पान्हा तिच्या हातात दिला. तिने नोझलभोवती तेल सोडलं, ओढून काढायचा पुलर लावला, ठोके देत नोझल बाहेर काढलं. खाली तांब्याचे दोन वॉशर एकमेकांवर चिकटले होते. जुना न काढताच नवा घातलेला. असली चूक शिकाऊही करत नाही. “आबांनीच बसवलं,” काका हळूच म्हणाले. “हल्ली विसरतात. त्यांना कळायला नको.” तिने वॉशर खिशात टाकले. “काय झालं गं?” दारातून आबांनी विचारलं. “काजळी धरली होती, आबा.”