कमी आवाजाचं मशीन

"हेही कपाटाखाली बसायचं नाही," ती म्हणाली.

मशीनवाल्याने खिशातून टेप काढली, मशीनची उंची पुन्हा मोजली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मागच्या खेपेला तिने सांगितलेल्या मापात हे मशीन आरामात बसत होतं. तुमचं स्वयंपाकघर दर शनिवारी आकसतं की काय, असं त्याने विचारलं. विचारताना तो हसला नाही, त्यामुळे तिलाच हसू आलं.

घरासाठी एस्प्रेसोचं मशीन घ्यायचं म्हणून ती कित्येक शनिवार या दुकानात येत होती. एकाची टाकी मागून भरावी लागते, दुसऱ्याचं हॅण्डल हलकं, तिसऱ्याची वाफ फुसकी. काही ना काही खोट निघायचीच. दुसरा विक्रेता असता तर एव्हाना त्याने तिच्यापुढे हात टेकले असते. हा मात्र दर वेळी नवं मशीन खोक्यातून काढायचा, तापवायचा आणि पहिला कप बेसिनमध्ये ओतून द्यायचा. पहिला कप मशीनचा, असं त्याचं म्हणणं. दुसरा तिच्यापुढे ठेवून तो निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा. दोन घोटांची ती कॉफी, पण तिला ती संपवायला अर्धा तास लागायचा.

त्या शनिवारी त्याने सांगितलं की मालक दुकान विकतोय, महिनाअखेरीपर्यंत काय ते ठरवा. मग तुम्ही काय करणार, असं तिने विचारलं. तो लांब, भावाच्या गावी जायचं म्हणत होता. परत यायचं काही कारण नव्हतं.

"पण तुमच्या गळ्यात मशीन मारल्याशिवाय जायचा नाही," तो म्हणाला. "इतकं चिकट गिऱ्हाईक हातचं सोडलं तर लोक हसतील मला. खरं सांगा, अडतंय कुठे?"

तिने क्षणभर विचार केला. "आवाज," ती म्हणाली. "आई आजारी आहे. झोप फार सावध तिची."

मशीनवाला एकदम गंभीर झाला. हे आधी सांगायला हवं होतं, म्हणाला. मग मांडणीतली मशिनं एकेक करून चालू करत, कान लावून तो ऐकत बसला आणि प्रत्येकाला मान हलवत राहिला. आजारी माणसाची झोप मोडता कामा नये. तो काहीतरी करील.

घरी आई उशीला टेकून वाट बघत होती. त्या घरात पहिल्यापासून दोघीच. दुकान दाखवलं होतं तेही आईनेच. दवाखान्यातून परतताना गाडीच्या काचेतून बोट दाखवून, तिथे चांगली मशिनं मिळतात, एवढंच म्हणाली होती; दुकानातल्या माणसाकडे बघून बाकीचं लेकीला कळलं होतं. खरं तर आईला कॉफीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी दर शनिवारी तिला सगळं साग्रसंगीत ऐकायचं असे. मशीन कसं होतं, मशीनवाला काय म्हणाला, डबा घरून आणतो का, हसतो का. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बाहेरचं काहीही गोड लागतं.

"घेतलंस?" आईने विचारलं.

"नाही. दुकान बंद होतंय. महिनाअखेरीला तो जाणार."

आई बराच वेळ पांघरुणाची घडी बोटाने सरळ करत राहिली.

"मग घेऊन टाक. माझी सबब सांगत बसू नकोस."

"तुला त्रास होईल, आई."

"व्हायचा तेव्हा झाला. आता नाही व्हायचा." आणि ती कुशीवर वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

भेटायला येणारे आले, गेले. नंतर घर इतकं गप्प झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. गेलं वर्षभर ती घरात चवड्यांवर चालत होती. आता दार धाडकन लावलं तरी हटकायला कुणी नव्हतं. तरीही ती दार हळूच लावायची.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ती दुकानासमोरच्या फुटपाथवर उभी राहिली. एकदा पुढे गेली, परत आली. आत मांडण्या रिकाम्या झाल्या होत्या. आज गेली नाही, तर मग कधीच नाही.

"मला वाटलं, तुम्ही माझा नाद सोडलात," मशीनवाला म्हणाला. त्याने एकच मशीन बाजूला ठेवलं होतं. पंपाखाली स्वतः कापून रबर बसवलं होतं, झाकणाला आतून जाड लोकरीचा नमदा लावला होता. त्याने बटण दाबलं. मांजर घुरघुरावं एवढाच आवाज झाला. कॉफीची बारीक धार कपात उतरली.

"काढा आता खोट," तो म्हणाला.

तिने कप उचलला आणि दोन घोटांत संपवला.

"हेच द्या."

त्याला आधी खरंच वाटेना. मग तो हसला, आणि मघापासून दम धरून उभी असलेली ती खुर्चीत बसली. उद्याच माणूस पाठवतो, तो म्हणाला, जोडून देईल, सगळं समजावून सांगेल.

"माणूस नको," ती म्हणाली. "बाबा, आई गेली. आता तुम्हीच या."