कोंबडीतला चहा

कोंबडी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि ताईने चष्मा काढून, पुसून पुन्हा लावला.

कोंबडी चिनीमातीची होती. पाठीवरचं झाकण काढून तिच्यात चहा भरायचा आणि चोचीतून तो कपात घ्यायचा. चहा बाहेर येताना ती गुळगुळ असा आवाज करी. कप म्हणजे तिची पिल्लं. प्रत्येकाला दोन पिवळे पाय, त्यामुळे एकही कप धड उभा राहत नसे. ताईच्या धाकट्या बहिणीने हे सगळं खुराडं ट्रेमध्ये मांडून मिरवत आणलं होतं, कारण आज तिच्या लेकीचं लग्न ठरायचं होतं.

आणि समोरच्या कोचावर, मुलाची आई म्हणून, मोठ्या बाई बसल्या होत्या. त्या ताईच्या पोस्टातल्या साहेबीण. काही वर्षांपूर्वी ताई नव्या घरात राहायला गेली तेव्हा हीच कोंबडी, याच पिल्लांसकट, त्यांनी तिला भेट दिली होती. सगळ्या स्टाफसमोर, टाळ्यांच्या गजरात.

नको असलेली भेट पुढे सरकवण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. वेष्टन नवं हवं, चेहऱ्यावरचं हसू जुनं चालतं. मुख्य नियम एकच, देणारा आणि घेणारा यांची जन्मात गाठ पडता कामा नये. मोठ्या बाई गावाच्या एका टोकाला राहत आणि धाकटी दुसऱ्या. कोंबडी धाकटीकडे पोचवून ताई निर्धास्त झाली होती. मग भाचीने सगळं गाव सोडून नेमका मोठ्या बाईंचाच मुलगा पसंत केला. त्या बातमीने ताई इतकी हुरळून गेली, की कोंबडी तिच्या डोक्यातून साफ उतरली. प्रेमात पडलेल्या माणसांना भान नसतं हे ठीक, पण इथे त्यांच्या मावशीलाही उरलं नव्हतं.

आता ताईने होते नव्हते ते सगळे उपाय करून पाहिले. चहा राहू दे, सरबत करते म्हणाली. या दिवसांत चहाने पित्त होतं म्हणाली. शेवटी कोंबडीच्या डोक्यावर आपला हातरुमाल टाकला. धाकटीने तो प्रेमाने उचलून, घडी घालून ताईच्या मांडीवर ठेवला.

मोठ्या बाईंचा होकार अजून आलेला नव्हता. मुलगा महिनाभर त्यांच्या मागे लागला होता आणि त्या फक्त "बघू" म्हणत होत्या. पोस्टात पार्सलच्या दोरीची गाठ जराशी सैल दिसली तरी त्या ते परत करत. भाची दाराशी उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती. एका कोंबडीपायी पोरीचं लग्न मोडलं तर आपण तोंड कुठे लपवायचं, हे ताईला सुचेना.

कोंबडी गुळगुळली. कप भरले.

"गोड आहे ना?" धाकटी म्हणाली. "आमच्या ताईने खास माझ्यासाठी आणलाय हा सेट. त्यासाठी किती दुकानं पालथी घातली असतील तिने."

मोठ्या बाईंनी सावकाश मान वळवली.

"किती दुकानं पालथी घातलीत?"

"आता आठवत नाही, बाई," ताई म्हणाली आणि छताच्या पंख्याकडे बघत बसली.

मोठ्या बाईंनी चहा संपवला. मग कप उलटा केला. पिल्लाच्या डाव्या पायावर चिकटवल्याची बारीक रेघ होती. तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. ताईला आपली बदली दिसू लागली. जिथे आठवड्यातून एकच पत्र येतं, तेही चुकीच्या पत्त्यावर, अशा कुठल्याशा गावी.

धाकटीचा उत्साह मात्र उतू चालला होता. ती म्हणाली, देवाच्या मनात असलं आणि हे लग्न ठरलं, तर हा सेट मी लेकीलाच देणार. मावशीची आठवण राहील तिच्या घरात.

ताईने डोळे मिटले.

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला. तो त्यांनी बशीच्या काठाला हलकेच टेकवून असा तिरका ठेवला, की जराही डुगडुगला नाही. धाकटीला इतक्या वर्षांत हे जमलेलं नव्हतं.

"आमची एक अट आहे," त्या म्हणाल्या.

धाकटीच्या नवऱ्याने घोट तोंडातच धरला. मुलगा अर्धवट उठला. भाचीच्या हातातली ओढणी सुटली. कोंबडीच्या पोटातला उरलेला चहा खाली बसल्याचा आवाजही ऐकू आला.

"मुलगी अंगावरच्या कपड्यांनिशी येऊ दे, आजच आली तरी चालेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण ही कोंबडी तेवढी पुन्हा माझ्या घरी पाठवू नका. मोठ्या मुश्किलीने बाहेर काढली होती मी तिला."