हसुराम नाखवाचं रक्त

सुई टोचली की औषधाचे सूक्ष्म यंत्रकण रक्तात शिरत, प्रत्येक पेशीच्या आवरणातली चरबी तपासत आणि कर्करोगाची पेशी दिसली की तिला मारून टाकत. वॉर्डातले बाकीचे रुग्ण बरे होऊन घरी गेले होते. हसुराम नाखवा मात्र पांढराफटक पडत चालला होता.

डॉक्टर केळुसकरांनी त्याच्या बायकोला, जयवंतीला, बाहेर बोलावलं.

"औषधानं निरोगी पेशीच मारल्या," ते खाली बघत म्हणाले. "जन्मभर मासे खाल्लेल्या माणसाच्या पेशींतली चरबी वेगळी असते. कणांना ती रोगाची वाटली."

"आणि रोगाच्या पेशी?"

"रोग झाला की पेशीतली चरबी बदलते. हसुरामची बदलून नेमकी तशी झाली, जशी कणांना निरोगी पेशी ओळखायला शिकवताना ज्यांचं रक्त घेतलं त्यांची होती. म्हणून कणांनी रोगाच्या पेशींना हातही लावला नाही."

"कोणाचं रक्त घेतलं होतं?"

"परदेशातल्या निरोगी माणसांचं."

"आमच्या बंदरावर कोणी निरोगी नव्हतं का, डॉक्टर?"

जयवंती आत गेली आणि पलंगाच्या कडेवर टेकली.

"काय म्हणाले?" हसुरामने विचारलं.

जयवंतीने त्याचा गार हात आपल्या हातात घेतला. "औषध चांगलं आहे म्हणे," ती म्हणाली, "पण ते आपल्यासाठी केलेलं नाही."